पहिली सरप्लस रायफल कुठून येते आणि सोबत काय आणते

अमेरिकेत नेमबाजी शिकणाऱ्या पोराच्या हाती येणारी पहिली मोठी रायफल पुष्कळदा कुठल्यातरी सैन्याने निकाली काढलेली, म्हणजे 'सरप्लस', असते. ही वाट सरकारनेच पाडली. १९०३ मध्ये तिथल्या काँग्रेसने 'नॅशनल बोर्ड फॉर द प्रमोशन ऑफ रायफल प्रॅक्टिस' स्थापन केलं आणि १९०५ च्या कायद्याने जास्तीच्या लष्करी रायफली नागरी क्लबांना विकायची मुभा मिळाली. उद्या भरती होणाऱ्याला आजच नेम साधता यावा, हा त्यामागचा हिशेब. १९१६ मध्ये त्यासाठी 'डायरेक्टर ऑफ सिव्हिलियन मार्क्समनशिप' हे स्वतंत्र कार्यालय आलं. १९९६ च्या कायद्याने हे काम लष्कराकडून एका ना-नफा महामंडळाकडे गेलं. त्यालाच आज सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम) म्हणतात. तिथून एम-१ गॅरंड, म्हणजे अमेरिकी सैन्याची जुनी स्वयंभरण रायफल, घ्यायची तर ग्राहक अमेरिकन नागरिक, किमान १८ वर्षांचा आणि संलग्न क्लबचा सभासद लागतो, शिवाय नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

दुसरी वाट व्यापाऱ्यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातली सैन्यं स्वयंभरण (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलींकडे वळली आणि बोल्टच्या, म्हणजे दर गोळीमागे हाताने दांडा ओढायच्या, रायफलींनी कोठारं भरून राहिली. सॅम्युअल कमिंग्ज याने १९५३ मध्ये काढलेल्या कंपनीने व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या गोदामांत असा माल आणून विकला. टपालाने रायफल मागवता येई. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर झाडलेली इटालियन कार्कानो रायफल अशीच आली होती, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला, टपालखर्च वेगळा. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने टपालविक्री बंद पाडली, परवानाधारक दुकानदाराकडून रायफल घेण्याचं वय १८ ठरवलं आणि लष्करी सरप्लसची आयात रोखली. १९८४ च्या दुरुस्तीने 'क्युरिओ अँड रेलिक' (संग्राहकांच्या वस्तू) वर्गातल्या जुन्या शस्त्रांसाठी ते दार पुन्हा उघडलं. मग १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि पेट्यांच्या पेट्या मोसिन-नागांत ९१/३० या बोल्टच्या रायफली आल्या. तेव्हा शंभर डॉलरच्या आत मिळणारी ही रायफल एका पिढीची पहिली रायफल झाली. त्यामुळे स्वस्ताई म्हणजे माल वाईट असं समजायचं कारण नाही. गोदाम रिकामं करायचं होतं, एवढंच.

मात्र प्रत्येक माल आपला इतिहास सोबत घेऊन येतो, आणि नवशिक्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्यातच सापडतं.

मोसिनचा बोल्ट दहा-वीस गोळ्यांनंतर अडकतो आणि हाताच्या तळव्याने ठोकून उघडावा लागतो. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी या रायफली दुरुस्त करून, क्रमांक पुन्हा ठोकून, मेणासारख्या घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवल्या. ते ग्रीस चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, सुकून बसतं, नळी तापली की चिकट होतं आणि काडतुसाचं कवच धरून ठेवतं. नुसतं तेल फिरवून भागत नाही. मिनरल स्पिरिटमध्ये (ग्रीस विरघळवणाऱ्या द्रावकात) भिजवलेला २० गेजच्या शॉटगनचा पितळी ब्रश चेंबरमध्ये घालून फिरवावा आणि चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहावं. बोल्ट उघडून साफ केला असेल तर जोडताना फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) किती बाहेर येते ते मोजायचं: ०.०७५ ते ०.०९५ इंच. जास्त आली तर प्रायमर (काडतुसाच्या बुडाची पेटवणारी टोपी) फुटून गरम वायू मागे येतो, कमी पडली तर काडतूस उडतच नाही. रायफलीसोबतच्या सोव्हिएत हत्यारावर ७५ आणि ९५ अशा खाचा याचसाठी आहेत.

गोळी भलतीकडे जाते, हे दुसरं गाऱ्हाणं. ९१/३० चा नेम संगीन लावून जुळवलेला असे. संगीन काढली की नळीचं कंपन बदलतं आणि गोळीची जागा सरकते. गोळ्या डावीकडे जात असतील तर पुढची साइट (नळीच्या टोकाची नेम धरायची काडी) डावीकडेच सरकवायची. नवशिके हमखास उलट करतात. वर जात असतील तर पुढच्या साइटची उंची वाढवावी लागते. त्यासाठी विजेच्या तारेवरचं आवरण कापून साइटच्या काडीवर चढवतात. दिसायला गावठी, पण चालतं.

गॅरंडचा रोग वेगळा. तिची वायूयंत्रणा लष्करी एम-२ काडतुसाच्या दाबावर बेतलेली आहे. त्याच .३०-०६ मापाच्या, पण शिकारीच्या जड काडतुसातली दारू सावकाश जळते, वायूच्या छिद्राशी दाब वाढतो आणि बोल्ट मागेपुढे हलवणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. म्हणून १५० ग्रेन वजनाच्या आसपासच्या गोळीची, गॅरंडसाठी म्हणून बनवलेली काडतुसंच घ्यावीत. आठ गोळ्यांची क्लिप दाबताना उजव्या तळव्याची कड रॉडच्या मुठीला टेकवून धरावी. नाहीतर बोल्ट अंगठ्यावर बसतो, आणि तो धडा एकदाच पुरतो.

एम-१९०३ ही अमेरिकी सैन्याची बोल्टची रायफल मात्र क्रमांक पाहिल्याशिवाय झाडूच नये. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ च्या आतल्या क्रमांकाच्या रिसीव्हरचं (बोल्ट बसतो त्या चौकटीचं) पोलाद तापवताना कारागीर रंगावरून अंदाज घेत. काही तुकडे जळून ठिसूळ झाले, आणि ते बाहेरून ओळखता येत नाहीत. अशा रायफली भिंतीवर लावायच्या.

जुन्या लष्करी काडतुसांचा प्रश्न सर्वांना लागू आहे. त्यांच्या प्रायमरमधलं पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मीठच; हवेतली ओल ओढून नळी गंजवतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे ज्या दिवशी झाडली त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओतायचं, बोल्टचं तोंडही धुवायचं, कोरडं करून मगच तेल लावायचं. अमोनियाचा काचसफाई फवारा यावर रामबाण समजतात, पण काम त्यातलं पाणीच करतं. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी पुन्हा नळीतून काढावी. तपकिरी आली तर पाण्यापासून सगळं परत.