दाबलेला क्यूब ताणाने का फुटतो?

‘५३ ग्रेडचं सिमेंट आहे, स्लॅबची काळजी सोडा,’ असं घर बांधणाऱ्याला सर्रास सांगितलं जातं. पण पिशवीवरचा तो आकडा सिमेंटचा असतो, स्लॅबचा नव्हे. प्रमाणित वाळू आणि सिमेंट यांचा ७०.६ मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन दाब सोसतो, एवढंच तो सांगतो. साइटवर त्याच सिमेंटमध्ये खडी पडते, वाळू पडते आणि अनेकदा मिस्त्रीच्या अंदाजाने पाणी पडतं. त्यातून काय तयार झालं, हे त्याच मालाचे क्यूब फोडून पाहावं लागतं.

क्यूब म्हणजे १५० मिलिमीटरचा घन. हाताने भरायचा तर लोखंडी साच्यात साधारण पाच-पाच सेंटिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर सळईने किमान ३५ वेळा ठोसायचा. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवायचा आणि २८ दिवसांनी ओला असतानाच मशिनमध्ये दाबायचा. एम-२५ काँक्रीट, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणं अपेक्षित असलेलं, असेल तर तो पल्ला गाठेपर्यंत त्या एवढ्याशा ठोकळ्यावर सुमारे ५७ टनांचा भार आलेला असतो.

आता खरी गंमत. एवढा भार आल्यावर क्यूबचा भुगा व्हावा असं वाटतं, पण तसं होत नाही. कणकेचा गोळा वरून दाबला की बाजूंनी पसरतो, तसंच काँक्रीटही आडवं पसरू पाहतं, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतकं कमी. पसरणं म्हणजे ताण, आणि ताण सोसण्यात काँक्रीट फार दुबळं: दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश. खडी आणि सिमेंट जिथे चिकटतात तिथे आधीपासूनच सूक्ष्म भेगा असतात. भार वाढतो तशा त्या उभ्या, भाराच्याच दिशेने लांबत जातात आणि एकमेकींना मिळतात. दाबाच्या चाचणीत क्यूब फुटतो तो असा, आडव्या ताणाने.

मग तो सरळ उभ्या फाका होऊन का पडत नाही? कारण मशिनच्या पोलादी पाट्या. पोलाद काँक्रीटपेक्षा कितीतरी ताठ, त्यामुळे त्याच दाबाखाली ते आडवं फार कमी पसरतं. क्यूबचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग पसरू पाहतो, पाटी त्याला घर्षणाने धरून ठेवते. ही पकड टोकांशी घट्ट आणि मध्याकडे सैल. म्हणून चारही बाजूंचे कपचे निघतात आणि आत डमरूसारखा आकार उरतो. क्यूब बुटका असल्यामुळे ही पकड त्याच्या जवळजवळ सगळ्या उंचीवर पोचते आणि त्याला उसनं बळ देते. अमेरिकेत वापरतात तो १५० बाय ३०० मिलिमीटरचा सिलिंडर मध्यभागी या पकडीतून सुटतो. त्यामुळे तेच काँक्रीट सिलिंडरमध्ये क्यूबच्या साधारण ८० टक्केच ताकद दाखवतं. आकडा काँक्रीटचा तितकाच चाचणीच्या पद्धतीचाही असतो, तो असा. मशिन घाईने चालवलं तरीही आकडा वाढतो. म्हणून भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर याच वेगाने वाढवायचा असतो.

आकडा लिहून फुटलेला क्यूब लगेच फेकून देतात, ते मला अजिबात पटत नाही. डमरू नीट निघाला तर चाचणी सरळ झाली. एकाच बाजूचा कपचा उडाला असेल तर भार तिरका बसला, किंवा साचाच काटकोनात नव्हता. भेग खडीला वळसा घालून गेली की खडी फोडून गेली, तेही पाहावं. खडी आरपार फुटली असेल तर सिमेंटची पकड चांगली म्हणायची, अर्थात खडीच कच्ची नसेल तर.

बांधकामावर काळी बाहुली आणि लिंबू-मिरची आठवणीने टांगतात, आणि त्याच साइटवर क्यूब पाण्याच्या टाकीऐवजी उन्हात पडलेले असतात. कॉलमला नजर लागत नाही. जास्तीचं पाणी आणि अर्धवट क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पुरेसे दिवस ओलं न ठेवणं, मात्र नक्की लागतं.

क्यूब नापास झाले तर प्रत्यक्ष स्लॅबमधून ड्रिलने गोल नमुने, म्हणजे कोअर, काढतात. ते क्यूबच्या हिशेबात बदलल्यावर सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट बांधकामाचं आपलं भारतीय मानक, आयएस ४५६, ते काँक्रीट स्वीकारतं. ही सवलत हिशेबाने दिलेली आहे: साच्यातल्या क्यूबइतकं ठोसणं आणि इतकं पाणी स्लॅबच्या वाट्याला येत नाही, शिवाय ड्रिलने कापताना कोअरलाही थोडी इजा होतेच.