टायटॅनियम सुटते, व्हॅनेडियम अडकून राहते

न्यू यॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत टहॉस नावाच्या जागी एकोणिसाव्या शतकात लोखंड गाळायचा कारखाना होता. खनिजाला तोटा नव्हता, तरी १८५०च्या दशकात तो बंद पडला. आडवाट हे एक कारण होते, आणि खनिजात मिसळलेले टायटॅनियम हे दुसरे. पुढे १९४१ मध्ये तिथली खाण पुन्हा सुरू झाली, ती मात्र लोखंडासाठी नव्हे. पांढऱ्या रंगात लागणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडसाठी आता तेच ‘खराब’ खनिज हवे होते.

लोखंड गाळायच्या झोतभट्टीला टायटॅनियमचे वावडे का, हे समजायला सोपे आहे. त्याची ऑक्साइडे मळीत, म्हणजे वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या टाकाऊ रसात, जातात आणि भट्टीतल्या कार्बन-नायट्रोजनशी संयोग होऊन कार्बाइड व नायट्राइड बनतात. टायटॅनियम कार्बाइड वितळायला सुमारे ३,१०० अंश सेल्सिअस लागतात, तेवढी उष्णता झोतभट्टीत नसते. ते बारीक कण मळीत तरंगत राहतात, मळी दाटते आणि भट्टीबाहेर नीट वाहत नाही. गंमत अशी, की भट्टीच्या तळाचे अस्तर झिजू लागले की काही कारखाने मुद्दाम थोडे टायटॅनियमयुक्त खनिज आत टाकतात. हेच न वितळणारे कण झिजलेल्या जागी बसतात आणि अस्तर टिकते.

आता खडकाकडे वळू. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचे चुंबकाला लागणारे खनिज; त्याच्या रेणुसूत्रात लोहाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू. लोहाच्या तीन अणूंपैकी दोघांवर तीन धनभार, एकावर दोन. शिलारस तापलेला असताना या अणूंच्या स्फटिक-जाळीत टायटॅनियम सहज शिरते. मात्र त्याच्यावर चार धनभार असतात, म्हणून हिशेब जुळवायला शेजारच्या एका लोहाला तीनावरून दोनावर यावे लागते. अशा मिश्रणाला टायटॅनोमॅग्नेटाइट म्हणतात. ही तडजोड उष्णतेत चालते, थंडीत टिकत नाही. खडक सावकाश निवताना, थोडा ऑक्सिजन मिळाला की, टायटॅनियम इल्मेनाइटच्या (लोह आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइड-खनिजाच्या) पातळ पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडते. घासून चकचकीत केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर राखाडी मॅग्नेटाइटमध्ये हे पापुद्रे ठरावीक कोनांत एकमेकांना छेदताना दिसतात. इल्मेनाइटचे दाणे जाड असले तर खनिज दळून चुंबकाने वेगळे करता येतात. पापुद्रे फारच बारीक असले तर कितीही दळा, उपयोग नाही.

याच खनिजात सापडणाऱ्या व्हॅनेडियम या धातूची गोष्ट निराळी. त्याचा तीन धनभारांचा आयन (विद्युतभारित अणू) आणि लोहाचा तीन धनभारांचा आयन आकाराने जवळपास सारखे. त्यामुळे ते लोहाच्या जागी गुपचूप बसते, कसलीच तडजोड लागत नाही, आणि थंड झाल्यावरही बाहेर पडत नाही. या खडकांत त्याचे स्वतःचे खनिज क्वचितच बनते. चुंबक मॅग्नेटाइट उचलतो, त्याबरोबर व्हॅनेडियमही येते, पण पुढे त्याला वेगळे करायला रसायनच लागते. एक मार्ग म्हणजे सोडियमच्या क्षारासोबत भाजून पाण्यात विरघळणारे व्हॅनेडेट तयार करणे. दुसरा म्हणजे आधी लोखंड गाळून, मग त्या रसात ऑक्सिजन फुंकून व्हॅनेडियम मळीत उतरवणे. चीनच्या पान्झिहुआ शहरात हा दुसरा मार्ग वापरतात.

व्हॅनेडियम मॅग्नेटाइटमध्ये कसे जाऊन बसते, याचा सर्वांत नेटका नमुना दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्ड संकुल या खडकांच्या समूहात आहे. सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वी तिथे प्रचंड शिलारस भूपृष्ठाखाली थरांथरांनी गोठला. त्याच्या वरच्या भागात मॅग्नेटाइटचे अनेक थर आहेत. खालच्या बाजूच्या मुख्य थरात व्हॅनेडियम ऑक्साइड दीड टक्क्याच्या आसपास भरते. जसजसे वर जावे तसे ते घटते आणि टायटॅनियम वाढते. पहिल्या स्फटिकांनीच बहुतेक व्हॅनेडियम उचलले, उरलेला रस त्याला मुकला. खाणवाल्यांचा डोळा खालच्या थरावर का, ते यावरून कळते. शिलारसात ऑक्सिजन जास्त असेल तर मात्र व्हॅनेडियमवर चार धनभार येतात आणि मॅग्नेटाइटला त्याची गोडी कमी होते. त्यामुळे मॅग्नेटाइट असलेला प्रत्येक खडक व्हॅनेडियमचा खजिना ठरत नाही.

या दोन मूलद्रव्यांच्या शोधाच्या गोष्टीतही लोहाची खनिजे येतात. १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर यांना कॉर्नवॉलच्या काळ्या, चुंबकाला लागणाऱ्या वाळूत टायटॅनियमची चाहूल लागली. व्हॅनेडियम १८०१ मध्ये मेक्सिकोत देल रिओ यांनी शिशाच्या खनिजात ओळखले होते, पण तो दावा त्यांनी मागे घेतला. १८३० मध्ये स्वीडिश रसायनज्ञ सेफस्ट्रम यांना ते पुन्हा सापडले, ते स्वीडनमधल्या टाबेरीच्या खनिजापासून बनलेल्या लोखंडात. टाबेरीचे खनिज म्हणजे टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटच.

आज व्हॅनेडियमचा मोठा वाटा पोलादाला बळकटी देण्यात खर्च होतो, थोडा प्रवाही बॅटरीत, म्हणजे द्रावणात वीज साठवणाऱ्या बॅटरीत. टायटॅनियमच्या बाबतीत भूशास्त्रज्ञांना आणखी एक फायदा मिळाला. एकाच खडकात मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट जोडीने असले, तर टायटॅनियम दोघांत कसे वाटले गेले यावरून तो किती तापमानाला, किती ऑक्सिजनात घडला हे काढता येते. १९६४ मध्ये बडिंग्टन आणि लिंड्स्ली यांनी ही पद्धत मांडली.

चंद्रावर तर ऑक्सिजनची इतकी वानवा, की लोहावर तीन धनभार जवळपास येतच नाहीत, म्हणून तिथे टायटॅनियमचा मुक्काम मुख्यतः इल्मेनाइटमध्ये असतो. अपोलो ११ ने आणलेल्या काळ्या बेसाल्टात ते भरपूर आहे. हायड्रोजनमध्ये तापवले तर इल्मेनाइटमधून लोखंड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. चंद्रावर पाणी आणि ऑक्सिजन मिळवायच्या योजनांत या अभिक्रियेचा विचार होतो.