विश्वकोश आणि विकिपीडिया : दोन्ही कोशच, पण तपासायचे कसे?

प्रकल्पाच्या वहीत शेवटी ‘संदर्भ : विश्वकोश’ असं लिहिलेलं असतं, आणि उतारा विकिपीडियावरचा असतो. मुलं लबाडी करत नाहीत. विकिपीडिया स्वतःला ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणवतो, मोबाइलवर दोन्ही एकाच शोधात वरखाली येतात. नववीतल्या मुलासाठी कोश म्हणजे कोश. मग आम्ही शिक्षक सांगून मोकळे होतो की विश्वकोश खरा आणि विकिपीडिया खोटा. हे उत्तर मला पटत नाही. त्यात मुलांना तपासायला काही उरतच नाही.

मराठी विश्वकोश वाईत घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड 1976 चा. नोंद जाणकाराकडून लिहून घ्यायची, संपादकांनी तपासायची, मग छापायची. म्हणून बहुतेक नोंदींखाली लेखकाचं नाव असतं. इथे भरवसा त्या नावाचा आणि संपादनाचा. मुलांनी विचारायचं ते एवढंच : कोणी लिहिलं, आणि कधी? यातला ‘कधी’ हमखास राहून जातो. संकेतस्थळावर नोंद ताजी दिसते, पण छापील खंडातला मजकूर त्या खंडाच्या काळाचाच असतो. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळलं ऑगस्ट 2006 मध्ये. त्याआधी छापलेल्या कोशात तो नववा ग्रह असणार, आणि त्यात लेखकाची काही चूक नाही. (विश्वकोश निर्मिती मंडळाच्या ज्ञानमंडळांनी, म्हणजे विषयवार तज्ज्ञगटांनी, संकेतस्थळासाठी तयार केलेल्या नोंदी अलीकडच्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.)

मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे. तिथे ‘कोणी लिहिलं’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. लेख अनेकांचा असतो, टोपणनावांचा असतो. तिथे वाक्याला आधार काय ते बघायचं. वाक्यापुढे चौकटी कंसातला छोटा आकडा आहे का? त्यावरून तळटीप उघडते का? आणि उघडली तर तिथे खरंच तेच लिहिलंय का? मुलं दुसऱ्या पायरीवर थांबतात. तळटीप दिसली की त्यांचं समाधान होतं. कधी तर तळटिपेतलं पानच विकिपीडियावरून उतरवलेलं निघतं.

गेल्या वर्षी वर्गात एका मुलीने स्वतःच्या गावाचा लेख उघडला. लोकसंख्या वाचून ती म्हणाली, “सर, एवढी माणसं आमच्या तीन गावांत मिळून पण नाहीत.” आकड्याला तळटीप नव्हती. वरच्या ‘इतिहास पहा’वर गेलो. जुन्या आवृत्तीत आकडा लहान होता, कोणीतरी शेवटी एक शून्य वाढवलं होतं, बदलाचं कारणही लिहिलं नव्हतं. 2011 च्या जनगणनेत पाहिलं तर जुना आकडा बरोबर. मराठीत संपादन करणारे इंग्रजीच्या मानाने फार थोडे, त्यामुळे अशी चूक कितीतरी दिवस कोणाच्या नजरेला पडत नाही. पण चूक कधी शिरली ते पानावरच सापडतं, आणि ही सोय छापील खंडात नाही.

आता वहीत मी दोन वेगळ्या ओळी लिहून घेतो. विश्वकोश असेल तर खंड, नोंदीचं नाव, नोंदलेखक. विकिपीडिया असेल तर लेखाचं नाव, पाहिल्याची तारीख, आणि ज्या तळटिपेपर्यंत मूल स्वतः पोचलं त्या मूळ पुस्तकाचं किंवा अहवालाचं नाव. तळटीप सापडली नाही, तर ते वाक्य प्रकल्पात घ्यायचं नाही.