पाळीचं दुखणं, दाह आणि हार्मोन्स: एंडोमेट्रिओसिसची पार्श्वभूमी

‘लग्न झालं, एक पोर झालं की थांबतंय बघ.’ बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई, पाळीत ओटीपोट धरून पडलेल्या लेकीला हेच सांगते. तिला दोष कशाला द्यायचा? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञही एंडोमेट्रिओसिसवर लवकर लग्न आणि लवकर मूल हाच सल्ला देत होते.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, बीजांडकोशावर, कधी आतड्यावर वाढते. व्हिएन्नाच्या रोकितान्स्की या विकृतिशास्त्रज्ञाने १८६० मध्ये अशा ऊतीचं वर्णन केलं होतं. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२१ मध्ये बीजांडकोशातल्या ‘चॉकलेट सिस्ट’ नावाच्या गाठींचं वर्णन केलं. त्यांच्यात जुनं, घट्ट, तपकिरी रक्त साठलेलं असतं. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात उतरतं आणि तिथे रुजतं, असं त्याचं म्हणणं. पण रक्त असं उलटं जाणं बहुतेक बायकांत घडतं, आजार मात्र साधारण दहातल्या एकीला होतो.

उपचार आधी हार्मोन्सच्या वाटेने गेले. गरोदरपणात दुखणं कमी होतं हे पाहून १९५८ मध्ये किस्टनर या अमेरिकन डॉक्टरने हार्मोन्स देऊन शरीरात गरोदरपणासारखी स्थिती आणली. सत्तरच्या दशकात डॅनाझॉल हे हार्मोन्सवरचं औषध आलं. वजन वाढायचं, चेहऱ्यावर केस यायचे. पुढे बीजांडकोशाचं काम थांबवणारी इंजेक्शनं आली. त्यांनी हाडं विरळ होतात, म्हणून ती फार काळ देता येत नाहीत, आणि बंद केली की दुखणं बऱ्याचदा परत येतं.

ते का परतायचं, हे दाहाच्या, म्हणजे शरीराचा भाग आतून चिडून सुजण्याच्या, अभ्यासातून उमगलं. या इतिहासातला हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बाहेर वाढलेली ऊती अरोमॅटेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन स्वतःच बनवते. इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणि दाह वाढवणारं रसायन वाढतं, प्रोस्टाग्लँडिनमुळे अरोमॅटेज, आणि पुन्हा इस्ट्रोजेन. साफसफाईला आलेल्या रोगप्रतिकारक पेशी अशी रसायनं सोडतात की तिथे नव्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू फुटतात. त्यात ही ऊती, इस्ट्रोजेनला आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनला नीट दाद देत नाही. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी प्रोस्टाग्लँडिन अडवते, कळ कमी होते; आजार आत तसाच राहतो.

प्रोस्टाग्लँडिन बेळगाव जिल्ह्याला परकं नाही. त्याच जातकुळीतल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या इथल्या खेड्यांत सुईणीचं काम करणाऱ्या नर्सबाईंनी बाळंतिणींना दिल्या. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचा सहभाग असलेला तो अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत १२ टक्के, तर खरी गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्के जणींना झाला. त्याच नर्सबाईंनी आणि आशाताईंनी पाळीच्या कळांचीही तितक्याच आस्थेने चौकशी करावी, असं मला मनापासून वाटतं.

आता निदानासाठी दरवेळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणं आणि तपासणीवरूनही औषध सुरू करता येतं. डायनोजेस्ट हे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध रोज २ मिलिग्रॅम दिलं जातं. मूल हवं असेल तेव्हा मात्र ही हार्मोन्सची वाट चालत नाही. कोल्हापूर-मिरजेला जाऊन ‘पिशवी (गर्भाशय) काढून टाका’ म्हणणाऱ्या बायका आणि त्यांच्या घरच्यांनी आधी एवढं विचारावं: पिशवीबाहेरच्या गाठी काढणार का, आणि बीजांडकोश ठेवणार की काढणार? गाठी मागे राहिल्या तर पिशवी गेल्यावरही दुखणं उरू शकतं.