मिरचीचं व्हिनेगर आणि पाण्याचा हिशेब

चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्या कधीच हिरव्यागार नसतात. त्यांचा रंग शेवाळी-पिवळट झालेला असतो, पण त्या शिळ्या नसतात. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्लातले हायड्रोजन त्याला हुसकावून त्याची जागा घेतात आणि हिरवा रंग विझतो. व्हिनेगर पदार्थाला असं बदलतं, तसाच पदार्थही व्हिनेगरला बदलतो, आणि घरी मिरची, फळं किंवा पाला भिजवून स्वादाचं व्हिनेगर करताना हीच दुसरी बाजू विसरली जाते.

आधी बाटलीचं लेबल वाचा. स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुधा सिंथेटिक असतं, म्हणजे ॲसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेलं. आपल्याकडे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल असावं असा नियम आहे आणि ४ टक्क्यांची बाटली सर्रास मिळते. या कामासाठी मात्र ५ टक्क्यांचीच शोधावी. गोव्यातलं माडीचं व्हिनेगर चवीला उत्तम, पण त्याचा स्वतःचा वास दांडगा असतो. गवती चहासारखा नाजूक स्वाद त्यात हरवतो.

५ टक्केच का? जांभळाचा २५० ग्रॅम गर ५०० मिलि व्हिनेगरमध्ये घातला असं धरा. गरातलं सुमारे २०० मिलि पाणी हळूहळू बाहेर उतरतं. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये आम्ल होतं २० ग्रॅम. ते आता ७०० मिलिमध्ये पसरलं, म्हणजे उरलं जेमतेम २.९ टक्के. ५ टक्क्यांपासून सुरुवात केली तर ३.६ टक्के उरतं. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू ४.६ पेक्षा कमी सामूत (pH) वाढत नाही आणि हे पातळ व्हिनेगरही त्याच्या बरंच खाली राहतं. (लसूण नुसत्या तेलात घालून बाहेर ठेवणं धोक्याचं, कारण तिथे आम्लही नाही आणि हवाही नाही.) पण काही बुरश्या आणि यीस्ट एवढ्याशा आम्लाला जुमानत नाहीत, त्यात फळाची साखर आयतीच मिळते. म्हणून फळाचं व्हिनेगर फ्रीजमध्येच ठेवायचं.

मिरचीचा हिशेब सोपा आहे. ५०० मिलि व्हिनेगरला ५० ग्रॅम मिरच्या पुरतात. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करा, देठं काढा आणि प्रत्येकीला उभी चीर द्या. चीर नसली तर आतल्या हवेमुळे मिरची तरंगते, आणि वर डोकावणाऱ्या भागावरच पहिली बुरशी धरते. शिवाय तिखटपणा मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो; तिथपर्यंत व्हिनेगर पोचायला हवं.

काचेची बरणी १० मिनिटं पाण्यात उकळून घ्या. व्हिनेगर स्टीलच्या पातेल्यात सुमारे ९० अंशांपर्यंत तापवा: वाफ येते, कडेला बारीक बुडबुडे दिसतात, पण उकळी फुटलेली नसते. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ नको. आम्ल धातू खातं. गरम व्हिनेगर गरम बरणीतच ओता, थंड काच तडकते. झाकण प्लॅस्टिकचं बरं. अंधाऱ्या, थंड जागी तीन ते चार आठवडे ठेवा, मग मलमलीतून किंवा कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. मिरच्या काढूनच टाका, मऊ पडलेला गर व्हिनेगर गढूळ करतो. गाळलेलं व्हिनेगर बाहेर दोन-तीन महिने, फ्रीजमध्ये सहा महिने टिकतं.

सोबत लसूण घातला तर तो कधीकधी निळा-हिरवा होतो. पाकळी चिरली की तिच्यातलं विकर (एन्झाइम) गंधकयुक्त संयुगं तयार करतं, ती अमिनो आम्लांशी जुळून रंग बनवतात. खायला काही हरकत नाही. रंग नको असेल तर अख्ख्या पाकळ्या उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढा. वासही थोडा सौम्य होईल.

बुडबुडे, वर बुरशी किंवा फुगलेलं झाकण दिसलं तर बरणी रिकामी करा, वरचा थर काढून वापरू नका. न तापवलेल्या, नैसर्गिक व्हिनेगरवर जेलीसारखी पातळ साय मात्र चालते: ती व्हिनेगरच्याच जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची चादर असते. आणि वर्षभराच्या लोणच्याला हे व्हिनेगर घेऊ नका. गाळल्यानंतर त्यात नेमकं किती आम्ल उरलं, हे लेबलवर लिहिलेलं नसतं.