पार्श्वभूमी: स्टाइल्सचं प्रकरण आधी की नंतर?

वर्ड प्रोसेसर शिकवणाऱ्या पुस्तिकेत स्टाइल्सचं प्रकरण आधी घ्यावं की नंतर, असा हा वाद. स्टाइल म्हणजे फॉण्ट, साइज, रंग, अंतर अशा फॉरमॅटिंगचा नाव दिलेला संच. स्टाइल्स वर्ड प्रोसेसरमध्ये डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळापासून आहेत. तेव्हाच्या वर्डमध्ये स्टाइल-शीटची वेगळी फाइल असे; ऑल्ट दाबून एक-दोन अक्षरांचा कोड दिला की परिच्छेदाला स्टाइल लागे.

पुढे नवशिक्यांच्या पुस्तिकांत स्टाइल्स मागे पडल्या, त्याला बरंचसं कारण मेनू. प्रकरणं मेनूच्या क्रमाने लिहिली जात आणि फॉरमॅट मेनूत फॉण्ट, पॅराग्राफ वर, स्टाइल खाली. तिथवर पोचेपर्यंत मथळा सिलेक्ट करून ठळक करायचा, साइज वाढवायची ही सवय अंगवळणी पडलेली असे.

वाद आहे तो याच क्रमावर. एका पानाचा अर्ज टाइप करणाऱ्याला पहिल्याच दिवशी स्टाइल्सचं ओझं कशाला, हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण हाताने केलेलं फॉरमॅटिंग स्टाइलला जुमानत नाही. एका मथळ्याला हाताने निळा रंग दिला आणि नंतर 'हेडिंग १' हिरवी केली, तर बाकीचे मथळे हिरवे होतात, तो निळाच राहतो. नवशिक्या म्हणतो, स्टाइल चालतच नाही! मग हाताने केलेलं फॉरमॅटिंग काढायला मथळा सिलेक्ट करून रायटरमध्ये (लिबरऑफिसचा वर्ड प्रोसेसर) कंट्रोल+एम, वर्डमध्ये कंट्रोल+स्पेस दाबायला सांगावं लागतं. म्हणजे आधीचा धडा पुसण्याचा धडा. यावरची नेहमीची तडजोड म्हणजे दोन प्रकरणं: ओळख आधी, बारकावे नंतर. पण रायटरच्या ओळखीत पॅराग्राफ, कॅरेक्टर, फ्रेम, पेज, लिस्ट अशी सगळी फौज उभी केली, की ती तडजोड नावापुरतीच उरते. सुरुवातीला हेडिंग आणि मजकुराची स्टाइल पुरे.

वर्ड २००७ ने हा वाद बराच निकालात काढला. स्टाइल्स थेट होम टॅबवर आल्या, आणि साध्या परिच्छेदाखालीही १० पॉइंट जागा सुटू लागली. 'एंटर एकदाच मारला, तरी एवढी जागा का?' हा प्रश्न पहिल्याच पानावर पडतो, आणि उत्तर 'नॉर्मल' स्टाइलमध्ये असतं. २०१६ मध्ये लिबरऑफिस ५.१ ने स्टाइल्सना स्वतंत्र मेनू दिला. शिवाय स्क्रीन रीडर वापरणारा मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो ती हेडिंग स्टाइलच्या आधारे. नुसता ठळक केलेला मजकूर तिथे मथळा ठरत नाही.

रायटरमधली पेज स्टाइल, म्हणजे पानाच्या मांडणीची स्टाइल, मात्र अजून पुस्तिकेच्या मागच्याच पानांत असते. पान क्रमांक तिसऱ्या पानापासून सुरू करायची वेळ येईपर्यंत तिथे सहसा कुणी फिरकत नाही.