सावंतवाडीला येताय ना, मग दोन रात्री तरी काढाच

आमच्याकडे जे फोन येतात त्यातले निम्मे असेच असतात, "गोव्याला चाललोय, मधे एक रात्र तुमच्याकडे टेकतो, सकाळी आठला निघू." रूम आम्ही देतोच, पण आठला निघणाऱ्या पाहुण्यांना निरोप देताना दरवेळी वाईट वाटतं. राजवाडा उघडलेला नसतो, चितारआळीतली लाकडी खेळण्यांची दुकानं उघडायची असतात, आणि माणूस तलावाला एक फेरी मारून फोटो काढून जातो. म्हणून हे पत्रक. बुकिंग करायच्या आधी एकदा वाचा, म्हणजे किती दिवस यायचं आणि कधी यायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

यायचं कसं

मुंबई-गोवा हायवे आता गावाबाहेरून जातो, झारापपासून पत्रादेवीपर्यंत बायपास झालाय, त्यामुळे मॅप लावून सरळ गेलात तर सावंतवाडी कधी मागे पडली कळणारही नाही, तेव्हा गुगलवर गोवा न टाकता मोती तलाव टाका. कोल्हापूर-बेळगावकडून येणारे आंबोली घाटाने उतरतात. रेल्वेने तुतारी एक्सप्रेस किंवा कोकणकन्या सोयीची. स्टेशनचं नाव सावंतवाडी रोड असलं तरी ते आहे मळगावात, शहरापासून साताठ किलोमीटर लांब, आणि रात्री-पहाटे रिक्षा मिळेलच असं नाही, म्हणून ट्रेनची वेळ आम्हाला आधी कळवा, गाडी पाठवतो. विमानाने येणार असाल तर गोव्याचं मोपा जवळ पडतं, तासाभरात इथे पोचता.

तलाव आणि राजवाडा

गावाचं जुनं नाव सुंदरवाडी. सावंत भोसल्यांचं संस्थान, 1948 मध्ये विलीन झालं, मग रत्नागिरी जिल्हा आणि 1981 पासून सिंधुदुर्ग. मोती तलाव 1874 चा, राजवाड्याच्या बरोबर समोर, आणि सगळं गाव त्याच्याभोवतीच बसलंय असं म्हटलं तरी चालेल. सकाळी साडेसहाला बाहेर पडा, चालायला आलेली रोजची माणसं भेटतील, पाण्यावर धुकं असतं (थंडीत तर नक्कीच), मागे नरेंद्र डोंगर हिरवागार. संध्याकाळी केशवसुत कट्ट्यावर बसा. तिथे बसायला काही कारण लागत नाही, इथली माणसं वर्षानुवर्षं तशीच बसतात.

राजवाडा जांभ्या दगडाचा, तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला (1755 ते 1803), आणि पुढचा लेस्टर गेट 1895 चा. राजस्थानातल्या महालांसारखा भव्य नाही, तशी अपेक्षा ठेवून येऊ नका. पण लाल जांभा, समोर पाणी, आत दरबार हॉल, आणि त्या हॉलमध्ये बसून रंगकाम करणारे कारागीर, असं आम्हाला तरी दुसरीकडे कुठे बघायला मिळालेलं नाही. तिकीट काढावं लागतं, दुपारी मधे बंद असतो, वेळा मधूनमधून बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी आम्हाला विचारून निघा.

गंजिफा, जरा सविस्तर

यासाठी तरी एक अख्खी सकाळ ठेवा. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचा थर. मुघलांच्या खेळात 96 पानं असायची, आपल्याकडे तो दशावतारी झाला आणि पानं झाली 120. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशा खुणा असतात, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही पान ओळखता येतं. तिघं खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा खेळ रामापासून सुरू होतो आणि रात्री कृष्णापासून, आणि निम्म्या अवतारांत दहाचं पान मोठं तर निम्म्यांत एक्का मोठा. पहिल्यांदा खेळताना डोकं चक्रावतं, पण दुसऱ्या डावापासून कुणी उठायला तयार नसतं. आमच्याकडे हॉलमध्ये एक जोड ठेवलेला आहे, संध्याकाळी मागा, शिकवतो.

ही कला जवळजवळ संपलीच होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी एका म्हाताऱ्या चितारी (रंगकाम करणाऱ्या) कलाकाराकडून ती स्वतः शिकून घेतली, मग मुलामुलींना शिकवलं आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या, काम अजून चालू आहे, आणि आता गंजिफाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय. हॉलमध्ये गेलात की लगेच पुढे सरकू नका, एखाद्या कारागिराच्या बाजूला पाच-दहा मिनिटं उभे राहा. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत ब्रशच्या टोकाने आधी चेहऱ्याचा रंग, मग मुकुट, आणि शेवटी डोळा. डोळा काढताना श्वास रोखलेला दिसतो. आपलाही रोखला जातो.

किंमत बघून बरेच जण दचकतात. अहो, 120 पानं आहेत, एकेक हाताने रंगवलेलं, वर डबाही रंगवलेला. पूर्ण जोड परवडत नसेल तर सुटी पानं फ्रेम करून मिळतात, लहान भेटवस्तू मिळतात, त्या घ्या, पण छापील पत्ते गंजिफा म्हणून घेऊन जाऊ नका. आणि एक विनंती. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका पाहुण्यांनी डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि समुद्रावर गेले, परत आले तर लाख मऊ होऊन पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं, आम्हालाही काही सुचेना. गाडीत ठेवायचा असेल तर सीटखाली, कपड्यात गुंडाळून. नाहीतर आमच्याकडे ठेवून जा, निघताना घ्या.

चितारआळी आणि लाकडी खेळणी

चितारी लोकांची आळी म्हणून चितारआळी. दोन्ही बाजूंना लाकडी सामानाची दुकानं, भोवरे, पाळणे, देव्हारे, रंगीत पाट, भातुकली, आणि ती प्रसिद्ध लाकडी फळं. सीताफळ, केळी, आंबा, कारलं, टोपलीत मांडून ठेवली की पाहुणा हात पुढे करतोच. पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, वजनाला हलकं आणि कोरायला मऊ. गोल वस्तू लेथवर होतात. लाकूड फिरत असताना त्याच्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात, घासून उष्णता तयार होते, लाख वितळते आणि लाकडावर बसते, वेगळा ब्रश नाही की काही नाही. हे बघायला मिळालं तर मुलं तिथून हलत नाहीत. कुठल्या कारखान्यात त्या दिवशी काम चालू आहे ते आम्हाला बहुतेक माहीत असतं, सकाळी चहाला विचारा.

खरेदी करताना एक सांगतो, काही दुकानांत बाहेरून आलेला मालही असतो, त्यात काही चूक नाही, पण तुम्हाला इथलंच हवं असेल तर तसं स्पष्ट विचारा, खरा दुकानदार खरं सांगतो. आमच्या ओळखीचे एक आजोबा कुणी घासाघीस सुरू केली की वस्तू हातात देतात आणि म्हणतात, "हातात घेवन बघा, मगे कळतला." सांधे बघा, कडा बोटाने चाचपा, रंग नखाने निघतो का बघा. मोठी वस्तू घेतलीत तर पॅकिंग आम्ही करून देतो, पुठ्ठा आणि भाताचा पेंढा आमच्याकडे असतो, त्याचे पैसे घेत नाही.

कुठल्या सणाला यावं

चतुर्थीला आलात तर सगळं बदललेलं दिसेल. आदल्या दिवशीचा बाजार बघा, माटवीचं (गणपतीच्या वरच्या लाकडी चौकटीचं) सामान विकायला आजूबाजूच्या गावांतून बायका येतात, कवंडाळं (रानफळं), तवशी (काकड्या), सुपारीचे घड, रानातली फुलं, आंब्याचे टाळे, हे सगळं त्या चौकटीला टांगायचं असतं. इथले गणपती दीड दिवसाचेही असतात आणि काही घरी एकवीस दिवसांचेही, घरोघरी रात्री भजन, फुगडी, आणि विसर्जन मोती तलावात. पाण्यात उतरलेल्या आरत्यांचं प्रतिबिंब बघायला तलावाच्या काठावर लवकर जागा धरावी लागते. पण चतुर्थीला आमच्या घरीही गणपती असतो, त्यामुळे खोल्या कमी देतो आणि जेवण शाकाहारीच, हे आधी सांगून ठेवतो. पाच दिवस मासे नाही मिळाले म्हणून कुणी नाराज होऊ नये. नारळीपौर्णिमाही छान, तलावात नारळ अर्पण करतात.

आम्हाला स्वतःला विचाराल तर कार्तिक ते फाल्गुन. जत्रा सुरू होतात आणि जत्रेत दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या लगोलग असते, लोटांगणाची जत्रा म्हणून ओळखतात, नवस फेडायला शेकडो माणसं देवळाभोवती लोटांगण घालतात. तिथे फोटो काढताना जरा भान ठेवा, ती माणसं देवाला आलेली असतात. दशावतार रात्री उशिरा सुरू होतो. पुरुषच सगळ्या भूमिका करतात, बायकांच्याही, स्वतःचा मेकअप स्वतः करतात, लिहिलेले संवाद नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं तिथल्या तिथे. एक बाकडं हेच सिंहासन. पेटी, मृदंग, झांज. आधी गणपती, मग संकासुर हा राक्षस येतो आणि पोरं खुदुखुदू हसायला लागतात, मग मुख्य आख्यान, आणि पहाटे दहीकाला. मालवणी कळत नसली तरी बसा, संवाद बरेचसे शुद्ध मराठीत असतात. शाल न्या, रात्री दव पडतं. गाडी आणि परत आणायची जबाबदारी आमची, कितीही वाजले तरी. येताना खाजं घ्यायला विसरू नका, जत्रेतलं गुळाचं खाजं दुकानातल्या पाकिटासारखं लागत नाही.

पालिकेचा पर्यटन महोत्सव साधारण वर्षाअखेरीला असतो पण तारखा ठरलेल्या नसतात, त्यावर विसंबून तिकीट काढू नका.

आसपास

तिसरा दिवस असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये याच कामासाठी पद्मश्री मिळाली. आंबोली तासाभरावर, पावसाळ्यात धबधबे आहेत पण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, मधल्या वारी जा. वेंगुर्ल्याचा समुद्रही जवळच.

आमच्याकडे

चार खोल्या, घरगुती जेवण. सकाळी घावणे किंवा आंबोळी, बरोबर चटणी नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ, दुपारी मासे बाजारात जे ताजं आलं असेल ते, म्हणजे सुरमईच हवी असा हट्ट आम्ही पुरवू शकत नाही, बांगडा ताजा असेल तर बांगडा. सोलकढी रोज. कोंबडी-वडे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, पीठ आंबवावं लागतं. जून ते सप्टेंबर पाऊस जोरदार, लाइट जाते, इन्व्हर्टर आहे पण एसी त्याच्यावर चालत नाही.

जत्रेच्या आणि चतुर्थीच्या दिवसांत दोन महिने आधी कळवलंत तर बरं, बाकी वेळी आठवडाभर पुरतो. दोन रात्री राहिलात तर दुसऱ्या दिवशीची राजवाडा आणि चितारआळीची फेरी आमच्याकडून, आमच्यातलं कुणीतरी बरोबर येतं. एकच रात्र जमत असेल तरी या, फक्त निघायची वेळ बारानंतरची ठेवा.